माचाणावरच्या कन्याळ, वाड्यातल्या कपिला : प्रकल्प नोंदी, २०२५

१२ जानेवारी २०२५

जागा कुडाळ तालुक्यात, सड्याच्या (कातळी पठाराच्या) उताराला. वर कातळ, खाली भाताच्या दोन मळ्या, मधल्या टप्प्यात फणस, काजू आणि पोफळीचा लहानसा पट्टा. जनावरं ठरली ती अशी: १० कन्याळ शेळ्या, १ बोकड, २ कपिला गाई, १५ गावठी कोंबड्या.

कोणाला कशासाठी पाळायचं ते पहिल्या पानावर लिहून ठेवतो आहोत. गोठा, वैरण, लस, विक्रीचा महिना हे सगळं त्यावरून ठरतं. शेळी मटणासाठी. गाय शेणासाठी आणि पाडा झाला तर जोतासाठी. वासराचं भागल्यावर चहापुरतं दूध निघालं तर घ्यायचं. कोंबडी अंड्यांसाठी, जादा नर राखणीला (देवाला द्यायला) आणि शिमग्याला.

कोकण कपिला ही जात २०१८ साली स्वतंत्र म्हणून नोंदली गेली. चण लहान, खूर कठीण, कातळावर दिवसभर चरून संध्याकाळी स्वतःहून वाड्यात (गोठ्यात) येते. दिवसाला दीड-दोन लिटर दूध देणाऱ्या गाईला दुधाच्या तागडीत घालून 'परवडत नाही' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. जिथे ट्रॅक्टर वळत नाही त्या कोपऱ्यात तिचे बैल वळतात, आणि तिच्या शेणावर राब (भाताच्या रोपांची जागा) भाजला जातो. कन्याळचंही तसंच. सिंधुदुर्गातलीच ही जात, अंगाने काळी, नाकपुडीपासून कानापर्यंत तोंडाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, कान लोंबते आणि पांढऱ्या कडांचे. वजनाने बाहेरच्या थोराड शेळ्यांपेक्षा कमी भरते, पण इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. कोरड्या मुलखातून आणलेली मोठी शेळी पहिल्याच आषाढात खोकायला लागते.

२६ जानेवारी

शेळ्यांसाठी जमिनीवरचा गोठा नको, माचाणच हवं, म्हणजे खांबांवर उचललेला फटींचा पाट. चार महिने जमीन ओली राहते. ओल्या जमिनीत खूर सडतात, लेंडीतल्या जंतांची अंडी फुटतात आणि बसलेल्या शेळीच्या पोटाला गारवा लागतो.

मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट, बोकडाला २० (स्वतंत्र कप्पा), करडांना मिळून ६० असं धरून २० फूट × १० फूट माचाण. उंची ४ फूट, म्हणजे माणूस वाकून खाली शिरू शकतो आणि खोऱ्याने लेंड्या ओढता येतात. अडीच फुटांवर केलेली माचाणं पाहिली. तिथे खाली कोणी शिरत नाही, खत महिनोन्महिने साचतं आणि त्याची वाफ थेट शेळीच्या नाकात जाते.

लांबी पूर्व-पश्चिम. पश्चिमेची अरुंद बाजू चिऱ्याच्या भिंतीने पूर्ण बंद, कारण झड नैऋत्येकडून येते. दक्षिणेला कमरेइतकी भिंत, वर झाप (विणलेल्या झावळ्या) सोडायला वासा. उत्तर-पूर्व मोकळी. पागोळीचा पुढावा ३ फूट. खांब लाकडी न घेता जांभ्या चिऱ्याचे उभारले, लाकूड जमिनीला टेकलं की वाळवी चढते.

९ फेब्रुवारी

पाटातली मुख्य अडचण इथे निघाली. पट्ट्या पोफळीच्या, २ इंच रुंद. तोडलेली पोफळ उभी चिरून, आतला भुसभुशीत गाभा खरवडून, टणक पाठ वर ठेवून ठोकायची. फट दीड सेंटीमीटर. प्रत्येक पट्टीमागे टेपाने मोजत बसण्यापेक्षा दीड सेंटीमीटर जाडीचा लाकडी ठोकळा मध्ये धरून पुढची पट्टी बसवायची.

पहिल्या कप्प्यात पट्ट्या तोडल्यापासून आठ दिवसांतच ठोकल्या होत्या. पोफळ सुकली, आकसली, आणि दीडची फट दोन सेंटीमीटरच्या वर गेली. मोठ्या शेळीचा खूर त्यातून जात नाही, पण करडाचा पाय आत जातो. करडू घाबरून उडी मारतं आणि नळी मोडते. पूर्ण कप्पा उचकटून पट्ट्या सावलीत सुकायला ठेवल्या. आता नियम असा: तोडल्यावर किमान चार आठवडे सावलीत, खाली-वर हवा खेळेल अशा आडव्या मांडून. उन्हात टाकल्या तर पिळवटतात. खिळा थेट मारला की पट्टी उभी फाटते, म्हणून आधी ड्रिलने बारीक भोक. करडांच्या कप्प्यात फट १ सेंटीमीटर. त्याहून कमी केली तर लेंडी अडकते आणि पाट चिकट होतो.

खाली कोबा, १० फुटांच्या रुंदीत ३ इंच उतार, कडेला पन्हळ, पन्हळीचं तोंड ड्रमात. मूत आणि लेंडी वेगळी राहिली तर वास निम्मा होतो.

१० मार्च

शेळ्या आल्या. निवडताना दात पाहिले: दोन दाती आणि चार दाती, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच वर्षं. कास मऊ, दोन्ही सड सारखे, मागच्या वेताला जुळं दिल्याची माहिती असेल तर पसंती आधी. चालवून पाहिल्या. उभी शेळी बरी दिसते, लंगड चालताना कळते.

सगळ्या २१ दिवस खालच्या मांगरात (शेतातल्या खोपीत) वेगळ्या. त्यांची बादली वेगळी, झाडू वेगळा, आणि त्यांचं काम सगळ्यात शेवटी करायचं.

वजनकाटा नाही, म्हणून टेपाने वजन: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. उदाहरणार्थ घेर २७, लांबी २५: ७२९ × २५ = १८,२२५, भागिले ६६०, म्हणजे साडेसत्तावीस किलोच्या आसपास. सकाळी चरण्याआधी मोजायचं. भरल्या पोटी किलो-दोन किलोंचा फरक पडतो, आणि गाभण शेळीला हे सूत्र लावायचं नाही.

१५ मार्च

जंताचं औषध, प्रत्येकीच्या वजनावरून. अंदाजाने सगळ्यांना सारखं पाजलं तर मोठ्या शेळीला कमी पडतं. जंत मरत नाहीत, त्या औषधाला सरावतात. पाजताना तोंड आडवं ठेवायचं. मान वर ताणली की औषध फुप्फुसात उतरतं.

१ एप्रिल

पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची) लस, १ मिली, कातडीखाली. ही जिवंत लस आहे. विरघळवल्यावर दोन तासांत संपवायची, तोवर कुपी बर्फात. उन्हात ठेवलेली लस टोचली काय, न टोचली काय, सारखंच. म्हणून टोचणी सकाळी सातला आणि शेळ्या आधीच बांधून ठेवलेल्या.

मग २२ एप्रिलला आंत्रविषाराची पहिली मात्रा, १३ मेला दुसरी. गाईंना घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी ६ मेला. आंत्रविषाराची दुसरी मात्रा जूनवर टाकायची सवय गावोगाव दिसते. पण हा रोग नेमका नव्या कोवळ्या गवताबरोबर येतो: अचानक भरपूर कोवळा चारा पोटात गेला की आतड्यातले जंतू वाढतात, विष तयार होतं आणि संध्याकाळी धडधाकट असलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडतं. उपचाराला वेळ मिळत नाही. गवत उगवायच्या आत अंगात ताकद तयार हवी.

१८ एप्रिल

वैरणीची बेगमी. शेळीला दिवसाला ३ ते ४ किलो हिरवा पाला, अर्धा-पाऊण किलो सुकं, २०० ग्रॅम खुराक. पावसात शेळी भिजत चरणार नाही, तिला माचाणावरच खायला घालावं लागणार. मार्चमध्ये कुळीथ झोडून झाल्यावर त्याचा भुसा पोत्यांत भरून ठेवला, चवळीचाही. भाताचा पेंढा शेळीच्या कामाचा नाही. ती तो तुडवते आणि वर मुतते.

हिरव्यात मुख्य फणस, जोडीला गिरीपुष्प, आपटा आणि शेवगा. गिरीपुष्पाच्या वासाने शेळी पहिल्या दिवसांत तोंड फिरवते. फांद्या आदल्या दिवशी तोडून सुकत ठेवल्या आणि फणसाच्या पाल्यात थोड्या थोड्या मिसळल्या तर आठवड्याभरात खाते. सुबाबूळ एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, केस गळतात. टणटणी आणि कण्हेर कुंपणालासुद्धा ठेवली नाही.

पाला जमिनीवर टाकायचा नाही. जुडी बांधून शेळीच्या डोक्याच्या उंचीला टांगायची. शेळी वर मान करून, पान निवडून, देठापासून ओरबाडून खाते. पायाखाली पडलेल्या पानाला पुन्हा तोंड लावत नाही. टांगलेल्या जुडीचा शेवटी देठांचा झाडूच उरतो, जमिनीवर टाकली तर निम्मी वाया.

खुराक १०० किलोला: मक्याचा भरडा ४०, खोबऱ्याची पेंड २५, भाताचा कोंडा २०, गव्हाचा भुसा १२, खनिज मिश्रण २, मीठ १. खोबऱ्याची पेंड आणि कोंडा दोन्ही पावसात खवट होतात. म्हणून जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतंच मिश्रण करायचं, पोती जमिनीवर न ठेवता फळीवर.

२० एप्रिल

गाईंच्या पेंढ्यावर युरिया प्रक्रिया. १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. पेंढ्याचा वीतभर थर, वर झारीने युरियाचं पाणी, पायाने दाबायचं, पुन्हा थर. शेवटी प्लास्टिक झाकून कडा मातीने बंद. २१ दिवस उघडायचं नाही. उघडल्यावर लागणारा पेंढा बाहेर काढून तासभर पसरायचा, डोळ्यांना झोंबणारा वास उडू द्यायचा. सुरुवात आंबवणाबरोबर मूठभर, आठ दिवसांत पूर्ण. सहा महिन्यांखालच्या वासराला नाही. युरियाचं पाणी भरलेली बादली एक क्षणही जनावराच्या तोंडापुढे ठेवायची नाही. ते पाणी प्यायलेली गाय वाचवणं फार कठीण.

ही खटपट का, तर भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त आणि प्रथिनं नावाला. प्रक्रियेनंतर पेंढा मऊ होतो, गाय जास्त खाते, पचवतेही जास्त. पेंढ्यातलं ऑक्झलेट चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं, म्हणून खनिज मिश्रण चालू ठेवावंच लागतं.

२ मे

काजूबोंडं. बागेत पडतात, शेळ्या तुटून पडतात. ताजी बोंडं पोटभर खाल्ली तर पोटात आंबतात, शेळी फुगते, दात खाते, कोपऱ्यात उभी राहते. चिरून, कडक उन्हात खडखडीत वाळवून खुराकात थोडी मिसळली तर चांगली. पिकल्या फणसाच्या चारखंडांचंही तेच.

२० मे

बोकड सोडला. तारीख मुद्दाम धरलेली: गाभणकाळ साधारण १५० दिवस, म्हणजे पहिली करडं १७ ऑक्टोबरच्या सुमारास. पाऊस ओसरलेला, गवत अजून हिरवं, आणि करडू तीन महिन्यांचं होईपर्यंत कोरडी हवा. श्रावणात व्यालेल्या शेळीच्या करडांना फुप्फुसदाह हमखास गाठतो. माज २१ दिवसांनी येतो, म्हणून बोकड ५ जुलैपर्यंत आत, दोन फेऱ्या पुऱ्या होतील इतका. जंताचं औषध आधीच १५ मेला दिलं, कारण गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल चालत नाही.

२६ मे

यंदा आगोटीला (पावसाआधीच्या तयारीला) वेळच मिळाला नाही. वळिवाच्या नावाने २० पासून धो धो, आणि मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात पोचला. नेहमी जूनचा पहिला आठवडा धरून चालतो.

काय चुकलं ते नोंदवून ठेवतो. दक्षिणेचे झाप विणून तयार होते पण बांधले नव्हते. झड थेट पाटावर आली, दोन रात्री शेळ्या ओल्यात उभ्या. पेंढ्याच्या उडवीचं डोकं नीट शाकारलं नव्हतं, वरचा हातभर थर भिजला. भिजलेला पेंढा वेगळा काढून थेट गायरीत (खताच्या खड्ड्यात). बुरशी आलेला पेंढा सुकवून परत घालायचा मोह होतो, पण गाभण गाईला तो कधीही नाही. लसी वेळेत झाल्या हे मात्र उपयोगी पडलं, जूनच्या आतच सडा हिरवा झाला.

पुढल्या वर्षी आगोट १० मेच्या आत.

८ जून

राब मार्चअखेर भाजला होता: खाली शेण, वर कवळ (तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा (सुका पाला), मग गवत, वर बारीक मातीचा थर, वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवून सावकाश धुमसत ठेवलेला. भाजलेल्या जागी तण कमी, आणि तरवा (भाताची रोपं) सहज उपटला जातो. दोन गाईंचं रात्रीचं शेण मिळून १२ ते १४ किलो. दिवसाचं सड्यावर पडतं, ते मिळत नाही. भाजणीने जमिनीतलं काही जळतं हेही खरं, म्हणून यंदा अर्ध्या वाफ्यांत न भाजता कुजलेली लेंडी घातली.

मळ्यांसाठी जीवामृत: शेण १० किलो, गोमूत्र ८ लिटर, गूळ २ किलो, बेसन २ किलो, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी. दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, ड्रम सावलीत, तोंडावर गोणपाट.

१ जुलै

खुरं. पावसाआधी वाढलेली कड कापली होती, तरी तीन शेळ्या लंगडल्या. खुराच्या बेचक्यात वास आणि पांढरट ओल. मोरचुदाचं पाणी, लिटरला ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात (लोखंडी भांडं ते खातं). आधी खूर साध्या पाण्याने धुवायचा, मग दोन-तीन मिनिटं बुडवून कोरड्या पाटावर उभं करायचं. तहानलेल्या शेळीला टबाजवळ नेऊ नये, मोरचूद विष आहे.

माचाणाखाली वास वाढला. बरेच जण इथे चुना मारतात. ओल्या मुताच्या खतावर चुना पडला की अमोनिया आणखी उसळतो, शेळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. त्याऐवजी तूस किंवा सुका पातेरा पसरायचा आणि आठवड्यातून दोनदा ओढून गायरीत न्यायचा. चाटण वीट हवेतल्या ओलीने पाझरत होती. वर नारळाची करवंटी पालथी टांगली, थांबलं.

१७ ऑगस्ट

पापणी तपासणी, दर पंधरा दिवसांनी. खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून उजेडात आतला रंग पाहायचा. लालसर गुलाबी असेल तर औषध नाही. फिकट दिसली तर रक्त पिणारा जंत वाढला आहे. दहांपैकी दोघी फिकट, त्यांनाच फेनबेंडाझोल. गाभणीला ते चालतं. सरसकट पाजणं थांबवलं तर औषध पुढेही लागू पडत राहील.

२० सप्टेंबर

गाभण शेळ्यांना आंत्रविषाराची एक मात्रा, व्यायच्या चार आठवडे आधी, म्हणजे चिकातून करडाला संरक्षण मिळतं. खुराक २०० वरून हळूहळू ३५० ग्रॅम. शेवटच्या दीड महिन्यात पोटातलं करडू झपाट्याने वाढतं, आणि जुळ्यांच्या ओझ्याने शेळीच्या पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. म्हणून खाणं थोडं पण कसदार.

१९ ऑक्टोबर

पहिली दोन वेतं, १७ आणि १८ ला. दोन्ही जुळी, वजन दोन किलोच्या आसपास. करडाच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढायचा, नाळ दोन इंच ठेवून कापायची, टोक आयोडिनमध्ये बुडवायचं. अर्ध्या तासात चीक तोंडात गेलाच पाहिजे. सडाच्या तोंडाशी मेणासारखा खडा असतो, तो आधी पिळून काढायचा. तो तसाच राहिला तर करडू चोखत राहतं, आपल्याला वाटतं प्यालं, आणि दुपारी ते थंडगार पडतं. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे दोन किलोच्या करडाला २०० मिली, तीन-चार वेळा मिळून. बोट तोंडात घालून पाहायचं: तोंड गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. वार बारा तासांत पडली नाही तर ओढायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

२३ ऑक्टोबर

काल पाडवा, गुरांचा सण. गाईंना ओवाळून पोळे खाऊ घातले, पण एकेकीला दोनच. घरोघरचे पोळे आणि भात पोटभर खाल्लेली गाय दुसऱ्या दिवशी रवंथ सोडते. पिठूळ अन्न पोटात आंबतं. दोन्ही गाई व्यवस्थित.

१६ नोव्हेंबर

आठ शेळ्या व्याल्या, १३ करडं. एक तिसऱ्या दिवशी गेलं, तिळ्यांतलं सगळ्यात लहान, चीक अपुरा. दोन शेळ्या दुसऱ्या फेरीच्या, महिनाअखेर अपेक्षित.

भातं कापून झाली, लोकांची गुरं मळ्यांत सुटली. आपल्या शेळ्या तिथे नाहीत. पाणी धरून राहिलेल्या मळीत लहान गोगलगायी असतात, त्यांच्यातून पानकृमी गवताच्या बुडख्याला चिकटतो आणि पोटातून यकृतात जातो. जबड्याखाली पाण्याची पिशवी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. बांधावरचं गवत कापून आणायचं तर पाण्याच्या वर वीतभर सोडून.

७ डिसेंबर

कोंबड्या. एक खुडूक बसलेली, डालग्यात पेंढा घालून १२ अंडी दिली. सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहिली: नऊंत रक्ताच्या शिरांचं जाळं, तीन कोरी, ती काढली. २१ व्या दिवशी फुटतील. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी आणि खालून चिऱ्याची फरशी, कारण मुंगूस जमीन उकरून आत येतं. पावसात रवण घालायचं (कोंबडी अंड्यांवर बसवायची) नाही. ओल्या तुसात रक्ती हगवण लागते आणि आठवड्यात सगळी पिल्लं जातात.

२८ डिसेंबर

पहिल्या आठ शेळ्यांची नर करडं सात. त्यांतली अडीच महिने झालेली पाच करडं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खच्ची करायची. ईदेला दोन दाती बोकड लागतो, ही करडं तोवर तेवढी होणार नाहीत. पुढल्या आषाढात नऊ-दहा महिन्यांची असतील, तेव्हा काढायची. विक्री टेपाच्या वजनावर, नजरेच्या अंदाजावर नाही. माद्या पाच, सगळ्या राखायच्या, पाटी (न व्यालेल्या तरुण शेळ्या) म्हणून.

पुढची कामं: तीन महिने पूर्ण होतील तशी करडांना पीपीआर, मग २१ दिवसांनी आंत्रविषार. पश्चिमेच्या कप्प्यातल्या सहा पट्ट्या कुजल्या, पोफळ तोडून सावलीत मांडली आहे. बोकड मेच्या आत बदलायचा, नाहीतर या पाच पाटी त्यांच्याच बापाकडून भरल्या जातील.